वीज पडलेल्या झाडाच्या आठ फाळ्या

तिघं निघाली होती ती एका मेलेल्या झाडासाठी.

झाड डोंगराच्या पार वरच्या खोऱ्यात होतं, जिथं रान संपतं आणि नुसता दगड सुरू होतो. स्प्रूसचं झाड, चिडाच्या जातकुळीतलं, सरळसोट वाढलेलं. बारा वर्षांपूर्वी त्याच्यावर वीज पडली. बुंधा उभा चिरला आणि त्याची एक भलीमोठी चिरफळी शेजारच्या खडकावर आडवी कलंडली. जमिनीला न टेकता, उन्हावाऱ्यात, ती बारा वर्षं वाळत पडली होती. रानाच्या रखवालदाराने तिची वीतभर ढलपी कोटाच्या खिशातून आणली आणि ताईच्या कामाच्या टेबलावर ठेवली.

ताई व्हायोलिनं बनवायची. गेली तीस वर्षं. सरसाच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत तिने आजवर शेकडो लाकडं कानाशी लावली होती आणि बहुतेक सगळी बाजूला टाकली होती. तिने ती ढलपी दोन बोटांच्या चिमटीत लोंबती धरली आणि दुसऱ्या हाताच्या पेराने हळूच टकटक केलं.

ढलपी वाजली! लाकडासारखी नाही, काचेच्या पेल्यासारखी. सूर खोलीभर रेंगाळला. ताईने पुन्हा वाजवून पाहिलं. मग भिंग लावून रेषा पाहिल्या. एकीला लागून एक, सरळ, बारीक, कुठंही गाठ नाही, पीळ नाही. व्हायोलिनच्या वरच्या पाटीसाठी असं लाकूड माणसाला आयुष्यात एकदा मिळालं तर मिळतं.

"बर्फ पडायच्या आत आणलंत तर तुमचं," रखवालदार म्हणाला. "कागद मी करून देतो. पण वसंतात वरून विजेच्या तारा जायच्यात. कंत्राटदार सगळा उतार साफ करणार. झाडं, मेलेली-जिती, सगळी जाळून टाकणार."

बर्फाला पंधरा दिवस उरले होते, म्हणजे हातात तेवढेच. आणि ताईकडे तसाही फार वेळ नव्हता. तिची मनगटं संधिवाताने धरली होती. हात अजून दोन वर्षं चालतील, फार तर तीन, असं डॉक्टर म्हणाला होता. तेवढ्यात चार-पाच वाद्यं होतील. ती या लाकडाची व्हावीत, एवढंच तिला हवं होतं.

बरोबर आला तिचा धाकटा भाऊ. तो लोकांना रानात राहायला शिकवायचा, म्हणजे तंबू ठोकणं, वाट काढणं, विस्तव पेटवणं. त्याला एकच वेड होतं, वजन कमी करण्याचं. दात घासायच्या ब्रशची दांडी तो अर्धी कापून न्यायचा. मित्रमंडळी त्याला 'तराजू' म्हणायची, आणि त्याला त्याचा अभिमान होता! तिसरी त्याची बायको. ती इस्पितळात नर्स होती, म्हणून ताई तिला कौतुकाने नर्सबाई म्हणायची. नर्सबाई कमी बोलायची. त्या दोघा भावंडांच्या घरात तिसऱ्याला बोलायला जागाच नसायची.

निघायच्या आदल्या दिवशी तराजूने सगळं सामान काट्याला टांगलं आणि कुऱ्हाडीपाशी येऊन अडला.

"दीड किलो! ताई, नुसती कुऱ्हाड दीड किलो! हा माझा चाकू बघ. पाव किलो. पातं मुठीच्या टोकापर्यंत अखंड. लाकडाच्या डोक्यावर पातं ठेवायचं, वरून दांडक्याने ठोकायचं, लाकूड दोन तुकडे! पहिल्याच तासाला शिकवतो मी."

"मनगटाएवढं लाकूड फुटतं त्याने. त्याहून जाड असलं तर?"

"त्याहून जाड लागतंय कुणाला?"

"आणि गाठ आली तर?"

"गाठीचं लाकूड घ्यायचंच नाही."

"रान म्हणजे काय वखार आहे, पाहिजे ते निवडून घ्यायला?"

"ताई, कुऱ्हाड निसटून नडगी फुटलेली तीन माणसं मी स्वतः खांद्यावर घालून डोंगराखाली आणलीत. चाकू जागचा हलत नाही. कुऱ्हाड..."

"माझ्या हातातून तीस वर्षांत निसटली नाही."

"तीस वर्षं मनगटं धड होती तुझी."

 नर्सबाईने नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जमिनीत गेला असता.

"कुऱ्हाड येणार," ताई म्हणाली.

"बरं बाई, येणार," तराजूने हात वर केले. "पण माझ्या पाठीवर. जड सामान मी घेतो."

शेवटच्या गावापर्यंत बस होती. तिथं एका खोलीत त्यांनी रात्र काढली आणि उजाडताच चढायला लागली. पहिला दिवस छान गेला. ओलसर, दाट रान, पायाखाली सुयांसारख्या पानांचा मऊ थर, मधूनच उन्हाचा एखादा पट्टा. संध्याकाळी ओढ्याच्या अलीकडे तंबू लागले. चूल पेटवायला तराजूने मनगटाएवढ्या दोन फांद्या चाकूने टकाटक फोडून दाखवल्या, आणि फोडताना ताईकडे तीनदा पाहिलं. ताईने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून पलीकडे गेली, आणि दुपारी, शेवटचा घामटा काढणारा चढ संपल्यावर, ते झाड दिसलं.

 पाठीवरचं ओझं टाकून ताई सरळ त्या चिरफळीपाशी गेली, चांदीसारख्या करड्या पडलेल्या लाकडावर तिने तळवा फिरवला आणि कान टेकवून मुठीने ठोकलं. वीस हात लांबीच्या त्या लाकडाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत आवाज गेला आणि परत आला.

तिने मधला, सगळ्यात निर्दोष हातभर भाग निवडला. तिने आणि नर्सबाईने आळीपाळीने करवत चालवली, आणि तासाभरात तो ठोकळा सुटा झाला. आता तो रेषेरेषेने फोडायचा होता. वाद्याचं लाकूड करवतीने उभं कापत नाहीत. ते फोडतात, म्हणजे ते आपल्याच रेषेने उकलतं. ताईने हात पुढे केला.

"कुऱ्हाड दे."

तराजू पिशवीच्या बंदाशी खेळत बसला.

"दे ना."

"ताई, तू आधी शांतपणे ऐकून घे."

"काय ऐकून घे?"

"ती खाली राहिली."

"राहिली?"

"म्हणजे ठेवली. गावातल्या खोलीवर. कॉटखाली."

ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.  ती अशी ओरडली की वरच्या कड्यावरचे पक्षी उडाले!

"तू मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारायचं नाही? माझं काम, माझं लाकूड, माझं हत्यार, आणि ठरवणार तू? माझ्यासमोर मान डोलावलीस आणि पाठ फिरताच काढून ठेवलीस? चोर आहेस तू, चोर!"

"अगं, होतं सगळं चाकूने! मी दाखवतो ना..."

"दाखव! मरेपर्यंत दाखवच तू!"

तिने चाकू त्याच्या हातातून हिसकावला. वाळलेल्या फांद्यांची दगडासारखी टणक बुडखं तिने करवतीने तोडली आणि चाकूने तासून त्यांच्या पाचरी केल्या. दर पाचरीला अर्धा-पाऊण तास. मनगटं ठणकायला लागली. मग ठोकळ्याच्या डोक्यावर चाकूचं पातं टेकवून त्यावर सोटा हाणला की केसाएवढी चीर पडे. त्या चिरेत पाचर, तिच्या पुढं दुसरी पाचर, आणि मग तराजूने दोन्ही हातांनी घातलेले घाव. पाचर फुटली की नवी करायची. कुऱ्हाडीने तासाभरात उरकलं असतं ते काम अंधार पडला तरी निम्मं राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी संपलं.

पण संपलं! शेवटची फाळी सुटली तेव्हा तराजू आनंदाने ओरडला, "बघ! झालं की नाही?"

झालं होतं, हेच ताईला सहन होत नव्हतं. आठ फाळ्या, पाचरीच्या आकाराच्या, कोपरापासून बोटांपर्यंत लांब, आणि एकीतही दोष नाही. तिने त्या ताडपत्रीत गुंडाळल्या आणि लाकडी सांगाड्यावर बांधून स्वतःच्या पाठीवर घेतल्या. तराजू मदतीला पुढे आला.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली.

एक अख्खा दिवस वाया गेला होता, आणि त्या दिवसाने आपला हिशेब चुकता केलाच. चौथ्या दिवशी सकाळी पश्चिमेकडचं आभाळ शिशासारखं झालं. दहाच्या सुमाराला पाऊस लागला, अकराला त्यात बर्फाचा चुरा मिसळला. वारा कपड्यांतून आरपार जाऊ लागला. दोन वाटा फुटत होत्या तिथं तराजू थांबला.

"ओढा चढला असणार. डोंगराच्या धारेवरून, वरच्या वाटेने जाऊ या. दोन तास जास्त लागतील, पण पाणी ओलांडायला नको."

तो बरोबर बोलत होता. ताईलाही ते कळत होतं. पण परवापासून तिच्या डोक्यात जे उकळत होतं ते उतू गेलं.

"तुझं शहाणपण ऐकूनच एक दिवस गेला. ओंडक्यावरून आलो, ओंडक्यावरूनच जाऊ."

"ताई, राग माझ्यावर काढ. वाटेवर काढू नकोस."

"भीती वाटत असेल तर तू जा धारेवरून!"

तो मुकाट्याने खाली वळला.

ओढ्याचं रूप पालटलं होतं. येताना गुडघाभर असलेलं पाणी आता ओंडक्याच्या पोटाला चाटत होतं, पिवळंजर्द, दगड घरंगळवत. ताई आधी गेली, बसून, घोड्यावर बसल्यासारखी, इंच इंच सरकत. पलीकडे पोचली. मागोमाग नर्सबाई. तराजू शेवटी निघाला, तोही तसाच बसून. अर्ध्यात आला. तेवढ्यात वरून वाहत आलेलं एक अख्खं झुडूप ओंडक्यावर आदळलं. ओंडका हलला. गोल फिरला.

तो पडला!

डोकं एकदा दिसलं. पुन्हा गेलं. नर्सबाई किंचाळली. ताईने पाठीवरचा सांगाडा टाकला आणि काठाने धावत सुटली. पुढे वळणावर पाणी दगडाला आपटत होतं. तिथं गाठायला हवं! तिथंच! तिने पडलेली एक लांब फांदी उचलली, कमरेपर्यंत पाण्यात घुसली आणि फांदी आडवी धरली.

"धर! अरे धर, मेल्या, धर!"

त्याने धरली. तिची मनगटं कडाडली. तिने फांदी सोडली नाही. नर्सबाईने मागून तिचा कोट पकडला, एका हाताने झाडाचं मूळ पकडलं, आणि दोघींनी मिळून त्याला ओढून काढलं. पाठीवरची पिशवी पाण्याने खेचून नेली होती. स्टोव्ह, गॅस, शिधा, त्याचं अंथरूण, सगळं गेलं. कमरेचा चाकू तेवढा राहिला.

येताना वाटेत लागलेली रखवालदाराची झोपडी तीन तासांवर होती. तो तीनशे पावलंसुद्धा चालू शकला नाही. दात कडाकडा वाजत होते, बोटांना बटण धरवत नव्हतं. नशिबाने जवळच एक पुढं झुकलेला खडक होता, खाली तीन माणसं मावतील एवढी कोरडी जागा. नर्सबाईने त्याचे ओले कपडे उतरवले, त्याला स्वतःच्या झोपायच्या पिशवीत घातलं आणि स्वतःही आत शिरली. ताईने काठावर टाकलेला सांगाडा उचलून आत आणला आणि कमरेखालचे भिजलेले कपडे बदलले.

"विस्तव, ताई," नर्सबाई म्हणाली. तिचा आवाज इस्पितळातला झाला होता, तुटक, मोजका. "लायटर माझ्या छातीच्या खिशात आहे, कोरडा. गरम पाणी हवंय. लवकर."

ताई करवत घेऊन बाहेर पडली. ओढ्याकाठच्या त्या वाऱ्याच्या खिंडीत झाडं तरी कसली? खुरटी, वाऱ्याने पिळवटलेली, हातभर लांबीत पाच गाठी. खाली पडलेलं सगळं चिंब. तिने एक मेलेला बुडखा कापून आणला. वरून ओला असला तरी पोटात कोरडा असणार. फक्त पोटापर्यंत पोचायचं होतं. तिने चाकूचं पातं त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि सोटा हाणला. पातं दोन बोटं उतरलं आणि गाठीवर अडलं. पुन्हा हाणला. लाकूड पिळाचं. पातं तिरकं झालं. खाली जाईना, वर येईना.

"कुऱ्हाड असती तर!" ती स्वतःशीच ओरडली. "एका घावात! एका घावात झालं असतं, हरामखोरा!"

आणि रागाच्या भरात, असं करू नये हे पुरतं माहीत असताना, तिने पात्याला बाजूने फटका मारला.

टक्!

अर्धं पातं लाकडात राहिलं. हातात मूठ आणि चार बोटांचा थोटका उरला.

ताई त्या थोटक्याकडे बघतच राहिली. कुऱ्हाड त्याने खाली ठेवली होती. पण वाट तिने निवडली होती, आणि चाकू तिने मोडला होता. हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. त्याने राग कमी झाला नाही. उलट आता तो दोन्ही बाजूंनी भाजू लागला.

"ताई," आतून हाक आली. "त्यांचं थंडीने कापणं थांबलंय."

"बरं झालं ना मग?"

"नाही. बरं नाही झालं. कापायचीसुद्धा ताकद राहिली नाही म्हणून थांबलंय."

ताई आत आली. तराजूचे ओठ निळे पडले होते. डोळे उघडे होते, पण तो बघत कुठंच नव्हता. "चमचा काढा," तो पुटपुटत होता. "एकच चमचा पुरे. तिघांत एक. वीस ग्रॅम वाचतील..."

 नर्सबाईने नवऱ्याच्या मानेवर बोटं टेकवली होती. तिची नजर क्षणभर कोपऱ्यातल्या ताडपत्रीच्या गाठोड्याकडे गेली आणि लगेच वळली.

"बघू नकोस तिकडे!" ताई कडाडली.

"मी काही बोलले का?"

"बघितलंस!"

"हो, बघितलं," नर्सबाई म्हणाली, आणि लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "दोन दिवस बघतेय! त्यांनी तुम्हाला फसवलं, तुम्ही त्यांना ओढ्यात घातलंत, आणि मी मध्ये बसून बघतेय! मी मागणार नाही ते लाकूड. ते तुमचं आहे. पण तासाभरात विस्तव झाला नाही, तर तुमच्याशी भांडायला ते उरणार नाहीत. तुम्ही एकट्याच उराल. समजलं?"

ताईने ताडपत्रीची दोरी सोडली.

गाठ ओली होती, सुटेना. तिने दातांनी सोडवली. पहिली फाळी हातात घेतली. सवयीने, नको असताना, बोटाचं पेर तिच्यावर आपटलं. ती वाजली. ताईने ती दगडावर उभी केली, पात्याचा थोटका डोक्यावर ठेवला आणि सोट्याने हलकेच टोला दिला.

एका टोल्यात लाकूड उकललं! वरपासून खालपर्यंत, सरळ, जसं मिटलेलं पुस्तक उघडावं तसं. पिळाच्या बुडख्याने जो चाकू मोडला, त्याच्या तुकड्यालाही हे लाकूड अडवेना. ज्या रेषांसाठी ती डोंगर चढून आली होती, त्याच रेषा वाट करून देत होत्या. दुसरा टोला. तिसरा. पेन्सिलीएवढ्या काड्या झाल्या. दोन काड्यांवर तिने पातं फिरवून पातळ, कुरळ्या सालपटांचे झुपके काढले. बाहेर बर्फ सरळ पडत नव्हता, आडवा पडत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंडाने ती अखंड शिव्या देत होती: भावाला, ओढ्याला, संधिवाताला, तारांच्या खांबांना, विजेला.

लायटरची ज्योत झुपक्याला लागली. सालपट वळलं, काळं पडलं, आणि पेटलं.

बारा वर्षं वाळलेलं लाकूड ते! धूर नाही की काही नाही. चटचट ठिणग्या उडाल्या, राळेचा गोड वास सुटला आणि खडकाखालची जागा पिवळी होऊन गेली. पोलादी पेल्यात बर्फ वितळला, पाणी झालं, पाणी तापलं. नर्सबाईच्या खिशातली साखर त्यात पडली. तराजूला नीट गिळता येतंय एवढी खात्री करून तिने एकेक घोट पाजला. दुसरी फाळी. तिसरी. ओली लाकडं ताईने विस्तवाभोवती वाळायला रचली, म्हणजे चांगलं लाकूड जपून जाईल. तरी चौथी गेली, पाचवी गेली. पाचवी निम्मी जळाली तेव्हा तराजू पुन्हा कापू लागला, आणि नर्सबाईने डोळे मिटून, खडकाला डोकं टेकून मोठा श्वास सोडला.

अंधार पडता पडता तो शुद्धीवर आला. बराच वेळ विस्तवाकडे बघत राहिला. मग त्याने वास ओळखला.

"ताई... हे..."

"गप्प बस."

"तू त्या फाळ्या..."

"गप्प बस म्हटलं ना!"

 पण त्याला राहवेना. "मला तुझ्या मनगटांची काळजी वाटली. म्हणून ठेवली मी कुऱ्हाड."

"खोटं."

"खरंच. थोडं तरी."

"आणि बाकीचं?"

तराजूने विस्तवात पाहिलं. "बाकीचं... मला वाटलं मला जास्त कळतं. दोनशे जणांना सांगितलंय मी, कुऱ्हाड म्हणजे नुसता भार. मग घरातलीच बाई कुऱ्हाड घेऊन आली आणि तिच्यामुळं काम झालं, तर मी कोण?"

"हे आधी म्हणाला असतास, तर दोन थोबाडीत देऊन कुऱ्हाड घेऊन आले असते. विषय संपला असता." ताईने एक काडी मोडून विस्तवात टाकली. "आणि धारेवरून जायचं होतं. ते तुझं बरोबर होतं."

"ताई..."

"पुढं बोलू नकोस. माझा राग गेलेला नाही."

सकाळी वारा पडला होता. बाहेर पांढरं, निळं, लख्ख झालं होतं. विस्तवाची राख झाली होती, रचलेली ओली लाकडंही संपली होती. फाळी एकच उरली होती. ताईने ती पहाटेपासून मांडीवर धरली होती. एका फाळीचे दोन भाग केले की व्हायोलिनची एक पाटी होते. एक तर एक! तेवढं एक वाद्य करून तिने हत्यारं भिंतीला टांगली असती तरी चाललं असतं.

नर्सबाईने नवऱ्याचे पाय तपासले. बोटं पांढरी होती, दाबली तर रंग परतायला वेळ लागत होता. अंगात पुन्हा कापरं भरलं होतं. तीन तास बर्फातून चालायचं होतं, पोटात काही नव्हतं, आणि बूट रात्रभर शेकूनही ओलसरच होते.

"ऊन चढेपर्यंत थांबलो तर?" तराजू म्हणाला. त्याने ताईच्या मांडीवर पाहिलं होतं. "मी ठीक आहे."

"ऊन इथं दुपारी येतं," नर्सबाई म्हणाली. एवढंच.

ताईने फाळी दगडावर उभी केली. तराजूने झोपायच्या पिशवीतून हात काढून ती घट्ट पकडली.

"ही नाही, ताई. ही नाही! ही जाळलीस तर मला आयुष्यभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"सोड."

"नाही सोडणार!"

"आयुष्यभर लाज वाटायची असेल तर आधी आयुष्य लागतं, गाढवा! सोड ती!"

त्याने सोडली. टोला पडला. लाकूड उकललं. पाणी तापलं, बूट सुकले, पांढरी बोटं लाल झाली, आणि तासाभराने तिघं उतरायला लागली. पुढे ताई, रिकामा सांगाडा पाठीवर, बर्फात पाय रोवून पायऱ्या पाडत. मागे नर्सबाईचा खांदा धरून तराजू.  दोनदा तो बसला. दोनदा ताई परत वर आली आणि दंडाला धरून त्याला उभं केलं.

झोपडी बंद होती. पण तिच्या खालून रस्ता जात होता, आणि रस्त्यावर बर्फ बाजूला सारत एक ट्रक येत होता! ताईने मधोमध उभं राहून दोन्ही हात हलवले. चालक भला माणूस निघाला. त्याने तिघांना पुढं बसवलं, हीटर पूर्ण सोडला आणि आपलं जाडं कांबळं तराजूच्या खांद्यावर टाकलं.

"असल्या हवेत वर कशाला गेला होतात?" त्याने गिअर टाकत विचारलं.

तराजूने कांबळं अंगाभोवती लपेटलं.

"सरपणाला," ताई म्हणाली.

चालकाने आरशातून मागच्या रिकाम्या सांगाड्याकडे पाहिलं. "मग? मिळालं नाही?"

"मिळालं. फार चांगलं मिळालं."

तराजूने मान खिडकीकडे वळवली. त्याचे खांदे हलत होते, रडतोय की काय ते कळत नव्हतं, आणि हलता हलता कांबळं घसरून खाली आलं. ताई रस्त्याकडे बघत होती. दातांवर दात घट्ट होते. तिचा राग अजून जागच्या जागी होता, आणि बरेच महिने तो जाणार नव्हता, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. तिने दुखरा हात लांब केला, कांबळं वर ओढलं आणि त्याच्या गळ्याशी आवळून गाठ मारली, लागेल इतक्या जोरात.